फुटलेली बातमी, ओढलेली कणीक आणि अवकाशकाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेतल्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर हिवाळ्यात चार रविवार मी बोललो : क्वांटमच्या नियमांतून आपलं नेहमीचं जग कसं निघतं, आणि अवकाशकालही तसाच कशातून निघाला असेल का, यावर. पहिल्याच दिवशी वीज गेली, प्रोजेक्टर बंद राहिला आणि सगळं फळ्यावर खडूने झालं. ते बरंच झालं. त्यानंतर प्रश्न येत राहिले, बहुतेक तेच ते. फोनवर, भाजीच्या ठेल्यावर, एकदा तर अंत्ययात्रेत. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. गणित टाळलं आहे, आकडे टाळलेले नाहीत.

सर, नेमका प्रश्न काय आहे?

प्रश्न दोन आहेत. इलेक्ट्रॉन, अणू, प्रकाश ज्या नियमांनी (त्यांना क्वांटम नियम म्हणतात) चालतात त्यांत वस्तू 'इथे' किंवा 'तिथे' असलीच पाहिजे अशी सक्ती नाही. मग त्याच अणूंचं बनलेलं टेबल नेहमी एकाच जागी का सापडतं? हा पहिला. दुसरा त्याहून खोल आहे. 'इथे', 'तिथे', 'आधी', 'नंतर' हे शब्द आपण ज्याच्या जिवावर वापरतो, तो अवकाशकालच, म्हणजे जागा आणि काळ यांचा मिळून एक पट, दुसऱ्या कशातून तरी आकाराला आलेला असेल का?

पहिल्याचं उत्तर बरंचसं मिळालं आहे आणि प्रयोगशाळेत घासून-पुसून पाहिलं गेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर कागदावर देखणं आहे, पण प्रयोगाचा शिक्का त्यावर नाही. हे दोन्ही एकाच दमात, एकाच खात्रीने सांगणारा कोणी भेटला तर जरा हात आखडून ऐका.

'आकाराला येणं' म्हणजे काय? कोणी बनवतं का?

संध्याकाळी राजवाड्यासमोर जॅम लागतो. त्यात ऑटो असतात, स्कूटर असतात, हातगाड्या असतात. 'जॅम' नावाची वस्तू कुठल्याच गाडीच्या डिकीत नसते, तरी जॅम असतो. त्याला लांबी असते, वेग असतो. गंमत अशी की गाड्या पुढे सरकतात आणि जॅम मागे सरकतो, कारण पुढच्या टोकाची गाडी सुटते आणि मागच्या टोकाला नवी येऊन चिकटते. म्हणजे जॅमचे नियम गाडीच्या नियमांतूनच आले, पण ते गाडीचे नियम नव्हेत.

तापमानही तसंच. गाडीवरच्या पोह्यांना वाफेवर गरम ठेवतात. त्या ढिगाला तापमान आहे, पण त्यातल्या पाण्याच्या एका सुट्या रेणूला नाही. त्याच्याकडे फक्त वेग आहे.

म्हणजे सगळी मायाच ना?

नाही. सर्वटे बसस्टँडला पोचता पोचता ज्याची बस चुकली, त्याला 'जॅम माया आहे' असं सांगून बघा. वेदान्ताशी माझं भांडण नाही, पण शंकराचार्यांनी हिशेब मांडला तो वेगळ्या प्रश्नाचा. आकाराला आलेली गोष्ट खोटी नसते, फक्त तळाशी नसते.

एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असते, हे खरं का?

वाक्य ढिलं आहे, पण त्यामागचा प्रयोग पक्का आहे. १९९९ मध्ये व्हिएन्नात साठ कार्बन अणूंचे फुटबॉलसारखे रेणू बारीक फटींच्या जाळीतून एकेक करून सोडले. पलीकडे ते ढिगाने पडायला हवे होते, पडले पट्ट्यांनी. दाट, विरळ, दाट, विरळ. पाण्यावरच्या दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटतात तसे. प्रत्येक रेणूच्या बाबतीत एकाहून जास्त वाटांचा हिशेब एकत्र धरावा लागतो, तेव्हाच हे पट्टे निघतात. भौतिकशास्त्रात याला अध्यारोपण म्हणतात. २०१९ पर्यंत हीच करामत सुमारे २,००० अणूंच्या रेणूंवर करून झाली.

'दोन ठिकाणी आहे' म्हणण्यापेक्षा 'कुठल्या वाटेने गेला याची नोंद जगात कुठेच नाही' असं म्हणा. ही 'नोंद' पुढे फार कामाला येणार आहे.

मग पोह्यांची प्लेट दोन ठिकाणी का दिसत नाही?

कारण बातमी फुटते.

जुन्या वाड्यात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. दोघांतली गोष्ट दोघांतच राहिली तर गुपित. तिसऱ्याच्या कानावर गेली की संपलं, मग ती विहिरीवर जाते, तिथून पलीकडच्या गल्लीत जाते, आणि गोळा करून परत आणायची म्हटली तरी येत नाही. अध्यारोपण हे असंच गुपित आहे. रेणू डावीकडून गेला की उजवीकडून, हे हवेच्या एका रेणूला जरी त्याच्यावर आपटून 'कळलं', तरी पट्टे पुसट होतात. गुपित नष्ट होत नाही, ते आसपासच्या जगात पांगतं. या पांगण्याला डिकोहिअरन्स म्हणतात. डीटर त्से या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हा विचार मांडला तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९८१-८२ मध्ये वोज्चेख झुरेकने तो पुढे नेला आणि मग लोक ऐकू लागले.

आता आकडे. पोह्यांवर भुरभुरलेल्या जिरावनाचा एक कण घ्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. हवेचे रेणू त्याच्यावर दर सेकंदाला किती आपटतात? हिशेब सोपा आहे, मी फळ्यावर केला होता : १ वर साधारण २० शून्यं इतके. उन्हात ठेवला तर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दाणे, दर सेकंदाला ३० लाख कोटींच्या घरात. यातला प्रत्येक जण कण कुठे आहे याची थोडी थोडी खबर घेऊन बाहेर पडतो. इतके चहाडखोर आजूबाजूला असताना कोणतं गुपित टिकेल?

झुरेकचा एक अंदाज प्रसिद्ध आहे. खोलीच्या तापमानाला १ ग्रॅमची वस्तू १ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जागांच्या अध्यारोपणात आहे असं धरा. घर्षणाने ती वस्तू थांबायला जो काळ लागेल, त्याच्या १ वर ४० शून्यं इतक्या पटींनी कमी काळात हे अध्यारोपण मोडतं. म्हणून टेबलाचं अध्यारोपण कोणाला 'दिसलं' नाही. ते निषिद्ध नाही, पण त्याला पापणी लवायचाही वेळ मिळत नाही.

हे नुसतं म्हणणं आहे की कोणी पाहिलंय?

पाहिलंय, आणि मला हे प्रयोग फार आवडतात.

१९९६ मध्ये पॅरिसमध्ये सर्ज अरोश यांच्या गटाने आरशांच्या पोकळीत थोडे फोटॉन कोंडले आणि त्यांना एकाच वेळी दोन अवस्थांत ठेवलं. श्रोडिंगरने १९३५ मध्ये बंद डब्यात एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर कल्पलं होतं, त्याचं हे पिल्लू म्हणा. मग ते अध्यारोपण हळूहळू विरताना त्यांनी टिपलं. दोन अवस्थांमधला फरक वाढवला तशी बातमी लवकर फुटली, सिद्धान्त सांगत होता अगदी तशी. अरोश यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

दुसरा प्रयोग २००४ चा, व्हिएन्नाचाच. या वेळी सत्तर कार्बन अणूंचे रेणू फटींकडे जाताना वाटेत लेसरने तापवले. तापलेली वस्तू प्रकाश फेकते. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तुकडा आठवा. रेणू जितका तापलेला तितके त्याने वाटेत फोटॉन सोडले, आणि प्रत्येक फोटॉन म्हणजे 'मी इथून गेलो' अशी चिठ्ठी. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी गेलेच. बाहेरून कोणी पाहत नव्हतं. रेणूने स्वतःच स्वतःची बातमी फोडली.

बघणारा माणूस लागतो, असं ऐकलं होतं.

लागत नाही. हवेचा रेणू पुरतो. जाणीव, मन, आत्मा यांना या हिशेबात कुठेच जागा करावी लागत नाही.

पण मला आणि शेजाऱ्याला एकच झाड दिसतं, हे कसं?

हा प्रश्न गच्चीवर एका आजींनी विचारला होता, आणि चारही रविवारांत याच्या तोडीचा दुसरा आला नाही.

झाडाकडे तुम्ही 'थेट' कधीच बघत नाही. झाडावरून निघालेल्या प्रकाशाचा एक बारीकसा वाटा तुमच्या डोळ्यांत येतो, दुसरा शेजाऱ्याच्या. दोन्ही वाट्यांत एकच मजकूर असतो, कारण झाड कुठे आहे याच्या असंख्य प्रती आसमंतात आधीच वाटल्या गेल्या आहेत. एक प्रत तुम्ही वाचलीत म्हणून झाडाला धक्का लागत नाही, शेजाऱ्याची प्रतही खराब होत नाही. ज्या गोष्टीच्या अशा भरपूर प्रती निघू शकतात तिला आपण 'वास्तव' म्हणतो. ज्यांच्या प्रती निघत नाहीत त्या अवस्था विरून जातात. टिकेल त्याचीच पिलावळ वाढते, म्हणून झुरेकने याला क्वांटम डार्विनवाद असं नाव दिलं. नाव मला जरा भडक वाटतं, विचार मात्र नेमका आहे.

लहान ते क्वांटम, मोठं ते नेहमीचं. रेष किती मिलिमीटरवर?

रेष नाही. उदाहरण घरचंच आहे. इंदूरच्या आपल्या 'कॅट'मध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ नावाचं यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. चुंबकांतून ते कसे वळतील याचं गणित जुन्या, नेहमीच्या भौतिकशास्त्राने करतात आणि ते बिनचूक येतं. पण वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतो तो धारेने सोडत नाही, दाण्या-दाण्यांनी सोडतो, आणि प्रत्येक दाण्यासरशी त्याला छोटा धक्का बसतो. झोताची जाडी या धक्क्यांवर ठरते. तोच इलेक्ट्रॉन, तेच कडं. एका हिशेबात गोटी, दुसऱ्यात क्वांटम.

उलट बाजूने पाहा. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचे आरसे ४० किलोचे आहेत. २०२० मध्ये असं मोजलं गेलं की लेसर-प्रकाशातल्या क्वांटम चढउतारांमुळे हे आरसे हलतात. किती? १ मीटरचे १ वर २० शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाएवढे. आणि २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातले क्वांटम परिणाम १९८४-८५ मध्ये दाखवल्याबद्दल. आकार हा मुद्दा नाहीच. बातमी किती बंदिस्त ठेवता येते, हा मुद्दा आहे.

मग मांजराचा प्रश्न सुटला म्हणायचा?

अर्धा. जिवंत आणि मेलेलं या दोन शक्यतांचे पट्टे का दिसत नाहीत, हे डिकोहिअरन्स सांगतं. पण डबा उघडल्यावर त्या दोनांतली एकच का हाती लागली, हे सांगत नाही. बातमी फुटली हे कळलं, पण नेमकी हीच का फुटली?

इथे मंडळी पांगतात. एव्हरेटने १९५७ मध्ये म्हटलं की दोन्ही घडतात आणि आपलीही फांदी फुटते. बोमने १९५२ मध्ये म्हटलं की कणाला खरोखर एक जागा असते, तरंग त्याला वाट दाखवतो. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये मूळ समीकरणातच बदल सुचवला : अध्यारोपण आपोआप, क्वचित, मोडतं. हा तिसरा प्रकार मला आवडतो, कारण तो खोटा ठरवता येतो. गुरुत्वामुळे अध्यारोपण मोडतं या डिओशी आणि पेनरोज यांच्या कल्पनेची सगळ्यात साधी आवृत्ती २०२० मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगाने बाद केलीच.

आता अवकाशकाल. तो 'बनलेला' असेल असं कोणाला का वाटलं?

कृष्णविवरांमुळे. धान्याचं कोठार सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर पोती आठपट मावतात. हे आपल्याला इतकं उघड वाटतं की कोणी विचारतही नाही. बेकेनस्टाइनने १९७२-७३ मध्ये आणि हॉकिंगने १९७४ मध्ये दाखवलं की कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यात किती माहिती दडू शकते तो आकडा, घनफळावर नाही तर पृष्ठभागावर ठरतो. त्रिज्या दुप्पट केली तर आठपट नाही, चौपट. आणि कुठल्याही जागेत कृष्णविवरापेक्षा जास्त माहिती कोंबता येत नाही. म्हणजे कोठाराची आतली जागा हिशेबातून जणू वगळलीच. पोती भिंतीवर मोजायची.

मग १९९५ मध्ये टेड जेकबसनने उलटा डाव टाकला. पृष्ठभाग आणि एन्ट्रॉपीचं हे नातं सगळीकडे खरं धरलं आणि उष्णतेचे जुने नियम लावले, तर आइनस्टाइनची गुरुत्वाची समीकरणं आपोआप बाहेर पडतात. पोह्यांच्या ढिगाचं तापमान जसं रेणूंच्या हिशेबातून येतं, तसं गुरुत्व कशाच्या तरी हिशेबातून येत असावं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असलेले थाणू पद्मनाभन यांनी ही वाट वर्षानुवर्षं चालून रुंद केली. ते २०२१ मध्ये गेले.

हे 'कशाच्या तरी' कुठल्या मापाचं असेल? प्लांक लांबी, म्हणजे जिथे गुरुत्व आणि क्वांटम दोन्ही एकत्र धरावे लागतात ते माप, साधारण इतकी : १ मीटरचे १ वर ३५ शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी. प्रोटॉन त्याहून १ वर २० शून्यं इतक्या पटींनी मोठा. थेट डोकावायचा प्रश्नच नाही.

गुंत्यातून अंतर निघतं म्हणे. अंतर तर फुटपट्टीने मोजतात ना?

आधी गुंता म्हणजे काय ते. दोन कणांची अवस्था सुटी सुटी सांगताच येत नाही, जोडीचीच सांगावी लागते, तेव्हा ते गुंतलेले असतात. १९६४ मध्ये जॉन बेलने याची कसोटी दिली. ती प्रयोगांत उतरवल्याबद्दल २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळालं. तेवढा भाग पक्का.

१९९७ मध्ये हुआन माल्डासेनाने दोन सिद्धान्तांचं जुळं शोधलं. एक गुरुत्व असलेलं जग, डब्यासारखं. दुसरं त्या डब्याच्या भिंतीवरचं, गुरुत्व अजिबात नसलेलं क्वांटम जग. दोन्हींची उत्तरं एकच येतात असे भरभक्कम पुरावे गणितात मिळत गेले. २००६ मध्ये र्‍यू आणि ताकायानागी यांनी या दोन जगांमधल्या शब्दकोशातला कळीचा शब्द लावला : भिंतीवरचे दोन भाग एकमेकांत किती गुंतलेत, ते डब्याच्या आतल्या एका पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून मोजता येतं.

२०१० मध्ये मार्क व्हॅन रॅम्सडोंकने विचारलं, भिंतीच्या दोन अर्धांमधला गुंता हळूहळू सोडवत नेला तर आत काय होईल? उत्तरासाठी स्वयंपाकघरात जा. मळलेल्या कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढा. मधली मान बारीक होत जाते, दोन्ही टोकं लांब जातात, आणि एका क्षणी मान तुटून दोन गोळे होतात. डब्यातली जागा नेमकी अशीच वागते. गुंता कमी तशी मान बारीक आणि अंतर जास्त. गुंता शून्य, तर मधे जागाच नाही. म्हणजे लांब-जवळ हे गुंत्याचं माप. एखादा भाऊबंद शेजारच्या गल्लीत राहूनही लांबचा असतो आणि पुण्याची बहीण जवळची, त्या अर्थाचं. फरक इतकाच की इथे गल्लीच नाही, फक्त नाती आहेत.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तरी सांगायला हवं : हा डबा आपलं विश्व नव्हे. आपल्या विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये कळलं. त्याला अशी भिंत नाही. डब्याचं गणित आपल्याकडे कसं आणायचं, यावर काम चालू आहे.

हा एकच मार्ग आहे का?

नाही. ए.बी. रोडने मुंबईकडे निघालात की सेंधव्याच्या पुढे घाट उतरल्यावर शिरपूर लागतं. अभय अष्टेकर यांचा जन्म तिथला, १९४९ चा. त्यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम गुरुत्वाची शाखा वाढली. त्या हिशेबात क्षेत्रफळ हवं तेवढं लहान करता येत नाही, त्याचेही दाणे असतात, आणि गुळगुळीत अवकाश म्हणजे अशा दाण्यांचं विणकाम. लांबून सुती धोतर एकसंध दिसतं, जवळून धागे. आपल्याच रस्त्यावरच्या गावाचा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे झुकत असेन. तुम्ही झुकायची गरज नाही.

काळही असाच आकाराला येतो का?

अवकाशापेक्षा हे अवघड. १९६७ मधल्या व्हीलर-डिविट समीकरणात संपूर्ण विश्वाची क्वांटम अवस्था लिहिली तर काळ हा चलच गळून पडतो. पेज आणि वूटर्स यांनी १९८३ मध्ये सुटकेची वाट सुचवली : विश्वाचा एक भाग घड्याळ धरा, तो उरलेल्या भागाशी गुंतलेला असला की आतल्या माणसाला बदल दिसतो, बाहेरून सगळं स्थिर. मला ही कल्पना पटते, समाधान मात्र होत नाही. 'आधी' हा शब्द न वापरता काळ कसा 'आला' हे सांगून बघा, मग अडचण कळेल.

प्रयोगशाळेत वर्महोल बनवलं, अशी बातमी होती.

२०२२ ची. वर्महोल म्हणजे जागेच्या दोन टोकांना जोडणारा बोगदा. क्वांटम संगणकावरच्या ९ क्यूबिटांवर, म्हणजे त्याच्या माहितीच्या एककांवर, एका सोप्या नमुन्याचं गणित चालवलं होतं, आणि तो नमुना कितपत योग्य यावरही आक्षेप आले. जागेला भोक कोणी पाडलं नाही.

क्वांटम ऊर्जेचं पाणी, क्वांटम लॉकेट?

पैसे वाचवा. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खा.

काका, दुसऱ्या प्रश्नावर प्रयोग होईल का?

एक रांगेत आहे. २०१७ मध्ये सौगतो बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसंच मार्लेटो आणि व्हेड्रल यांनी, सुचवलं की दोन अगदी लहान कण, १ किलोचे १ वर १४ शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढ्या वजनाचे, एकमेकांजवळ पण अध्यारोपणात ठेवावेत आणि केवळ गुरुत्वामुळे ते गुंततात का ते पाहावं. गुंतले तर गुरुत्वही क्वांटम आहे असं मानायला भक्कम आधार मिळेल. अडचण तीच, वाड्यातली : तोपर्यंत बातमी फुटू द्यायची नाही. अत्यंत विरळ निर्वात, अत्यंत थंडी आणि धक्क्यांपासून सुटका लागेल. हे जमलं तरी अवकाशकाल गुंत्यातून निघतो हे सिद्ध होणार नाही. फक्त त्या प्रश्नाला जमीन मिळेल.

हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियात आपल्या कॅटचाही वाटा आहे. तो प्रयोग वेगळ्या कामासाठी आहे, पण जड आरसा जगापासून अलिप्त टांगायची विद्या तीच.

मुलगी अकरावीत आहे, तिला यात रस आहे. काय करू?

मॅट्रिक्स आणि सदिश पक्के करून घ्या; क्वांटमचं व्याकरण तेच आहे. आणि आज रात्रीच एक प्रयोग करा. लाल लेसर पॉइंटर पुस्तकांच्या थप्पीवर घट्ट बसवा, त्याच्या तोंडासमोर एक केस उभा ताणून चिकटवा आणि दिवे मालवा. डोळ्यांत थेट प्रकाश जाऊ देऊ नका. ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्याऐवजी आडवी पसरलेली पट्ट्यांची रांग दिसेल, दोन पट्ट्यांत अडीच-तीन सेंटिमीटरचं अंतर. प्रकाशाची तरंगलांबी पॉइंटरवर लिहिलेली असते, बहुधा ६५० नॅनोमीटर. तिला भिंतीच्या अंतराने गुणा, पट्ट्यांमधल्या अंतराने भागा, केसाची जाडी निघेल. केस आईचा घ्या, लांब असतो, ताणायला बरा पडतो.